रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय कशाला?

"मॅडम, रिपोर्टमध्ये काही नाही, पण दुखतं ते खरंच दुखतं हो." समुपदेशक म्हणून हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की पुढचा प्रश्नही पाठ झालाय: "मग हे माझ्या मनाचेच खेळ आहेत का?" त्या सगळ्यांसाठी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

ती 27 वर्षांची. पाळी कधी 29 दिवसांनी यायची, कधी 43. ओटीपोटात डावीकडे ओढ लागल्यासारखं दुखायचं. सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही वेळा साफ. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, हिला काही झालेलंच नाही. आणि ही रात्री दोनपर्यंत मोबाइलवर कॅन्सरची लक्षणं वाचत पडायची.

पहिल्या भेटीत ती फाइल उघडायला लागली. मी म्हटलं, "ती राहू दे. दुखायला लागलं की मनात पहिलं काय येतं?"

"आता हे वाढणार."

"आणि डॉक्टरांसमोर?"

बराच वेळ गेला. "तिथे मी थोडं वाढवून सांगते. नाहीतर कोण ऐकतं? मग घरी आल्यावर वाटतं, मी खोटारडी तर नाही ना?"

गाठ इथे होती. दुखण्यापेक्षा तिचा स्वतःच्या शब्दावरचा विश्वास जास्त खचला होता.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. घटना वेगळी आणि आपण तिला लावलेला अर्थ वेगळा, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. पण "विचार बदल" म्हटलं की दुखणाऱ्या बाईला "तुला दुखत नाहीये" असंच ऐकू येतं. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी आधी दुखण्याला जागा देते.

तिला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे तारीख, रक्तस्राव, दुखणं दहापैकी किती, कुठे, काय करताना. उजवीकडे त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. अट एकच: डावीकडे फुगवायचं नाही आणि सोसून कमीही लिहायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात ती आली ती पानावर बोट ठेवूनच. "हे बघा, सात-आठ आकडे सगळे पाळीत आणि तिच्या आदल्या दोन दिवसांत. त्या दिवसांत शौचाला जातानाही कळ येते. एरवी दोन-तीनच."

"आणि उजवीकडे?"

तिने मोजलं. "'वाढणार' एकतीस वेळा." मग हसली. "डावीकडे तर वाढलेलं नाहीये."

तो क्षण मी विसरणार नाही. दुखणं खरं आहे आणि भीती ही वेगळी गोष्ट आहे, हे तिला तिच्याच अक्षरात दिसलं. मी सांगून ते झालं नसतं.

ती वही घेऊन ती दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी एंडोमेट्रिऑसिसची शंका घेऊन उपचार सुरू केले. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात, आणि साध्या सोनोग्राफीत त्या दिसतीलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो. पाळी पुढे जाण्याचं कारण मात्र निराळंच निघालं, थायरॉइड.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, तपासण्या झाल्यात का? प्रौढ वयात 21 ते 35 दिवसांनी पाळी येणं साधारण ठीक. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तर घाबरू नका. ताणानेही पाळी लांबते, कारण मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात. पण गरोदरपण नसताना तीन महिने पाळी आलीच नाही, तर ताणावर ढकलून गप्प बसू नका. दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, दुखण्यासोबत ताप असेल, किंवा दिवस राहिल्याची शक्यता असताना एका बाजूला तीव्र कळ किंवा चक्कर येत असेल, तर वहीही नको आणि मीही नको. थेट दवाखाना गाठा.

तिचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. गेल्या आठवड्यात मेसेज आला: "आज सहा. उजवीकडे काही नाही."