लग्नाचे फोटो-व्हिडिओ ठेवायला फुकटचं ऑनलाइन स्टोरेज पुरेल की हार्ड डिस्क घ्यावी?

हार्ड डिस्क घ्याच, पण फक्त तिच्याच भरवशावर राहू नका.

गूगलची फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड तर 5-5 जीबीच देतात. एका लग्नाचा व्हिडिओच याहून मोठा भरतो.

शिवाय आपल्याकडचं नेट बघा. मी परभणी जिल्ह्यातल्या गावात राहतो. 10 एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी 100 जीबी चढवायला 22 तास लागतात, आणि तेवढ्यात लाइट किती वेळा जाईल सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. बहिणीच्या लग्नाचं सगळं माझ्या एकाच डिस्कवर होतं. कॉपी चालू असताना पोराच्या पायात वायर अडकली अन् डिस्क फरशीवर पडली. लावली की नुसती टिक-टिक. आजोबांचा शेवटचा व्हिडिओ त्यातच होता. तो परत मिळाला नाही, अजून जीव हळहळतो.

म्हणून 1 टीबीच्या दोन डिस्क घ्या. एक घरी, दुसरी संभाजीनगर-लातूरला कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे. निवडक दोनशे फोटो आणि सातबारा, मार्कशीटचे स्कॅन तेवढे ऑनलाइन टाका. ते खातं मधूनमधून उघडत जा. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.