गोगलगाय, शंखी गोगलगाय आणि ‘आक्रमण’

कोथरूडच्या एक वाचक ताई ‘थेबा पिसाना’ या भूमध्य समुद्राकाठच्या पांढऱ्या गोगलगायीवर मुलांसाठी लेख लिहीत आहेत. मराठीतील ‘गोगलगाय’ म्हणजे इंग्रजीतील शंख असलेली ‘स्नेल’ की बिनशंखाची ‘स्लग’, आणि या प्राण्याने जगभर ‘आक्रमण केले’ असे लिहावे का, असे त्यांनी विचारले आहे.

गोगलगाय हा शब्द मराठीत दोघींनाही चालतो. पुण्यात पाऊस सुरू झाला की कुंडीखाली चिकटून बसलेली बिनशंखाची आणि पाठीवर शंख घेऊन ओल्या भिंतीवर चढणारी, अशा दोन्ही आपल्याला गोगलगायीच वाटतात. याला भाषेचे दारिद्र्य मानू नये, कारण इटालियन माणूसही रोजच्या बोलण्यात ‘लुमाका’ हा एकच शब्द दोघींसाठी वापरतो. आपल्या भाषेने या प्राण्यात शंखापेक्षा वेगळेच काही टिपले आहे. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसाला आपण ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतो. ही केवळ कल्पना नाही, कारण तिचे सारे पोटच पाय होऊन सरकत असते. शास्त्रज्ञांनी या वर्गाला दिलेले ‘गॅस्ट्रोपोडा’ हे नावही ग्रीकमधील ‘पोट’ आणि ‘पाय’ या शब्दांपासूनच बनले आहे, आणि आपली पाठ्यपुस्तके त्याला ‘उदरपाद’ म्हणतात. ज्यांनी ही म्हण घडवली त्यांचे निरीक्षण किती नेमके होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

भेद दाखवणे आवश्यक असेल तेथे ‘शंखी गोगलगाय’ म्हणावे. हा शब्द नव्याने घडवावा लागत नाही. 2022 च्या खरिपात लातूर, बीड या भागांत सोयाबीनची कोवळी रोपे या प्राण्याने फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या तोंडी आणि कृषी विभागाच्या सल्ल्यांतही हाच शब्द होता. नुसते ‘शंख’ लिहू नये, कारण मराठी कानाला त्यातून देवघरातला शंखच ऐकू येतो. ताईंनी पहिल्या उल्लेखात ‘भूमध्यसागरी पांढरी शंखी गोगलगाय’ असे लिहावे आणि पुढे ‘गोगलगाय’ एवढेच ठेवावे. ‘भूमध्य प्रदेशातील’ हा प्रयोग मात्र टाळावा. हिंदीत विषुववृत्ताला ‘भूमध्य रेखा’ म्हणतात, त्यामुळे मुलांची गल्लत होते.

‘आक्रमण’ मला पटत नाही. आक्रमणात चाल करून येणारा कोणीतरी असतो, आणि या जिवाला तर रस्ता ओलांडायलाही बराच वेळ लागतो. जहाजांतील माल आणि रोपे यांच्या आडून ती नकळत परमुलखात पोहोचली, म्हणून ‘शिरकाव’ हा शब्द येथे चपखल बसतो. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया येथील हवा तिच्या मायदेशासारखी, म्हणजे हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा, अशी मिळाल्याने पुढे तिचा ‘फैलाव’ झाला. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीपासून दूर राहण्यासाठी ती झुडपांवर, कुंपणाच्या खांबांवर आणि पिकांच्या ताटांवर चढते, शंखाचे तोंड वाळलेल्या चिकट स्रावाच्या पडद्याने बंद करते आणि तशीच पडून राहते. या अवस्थेला ‘ग्रीष्मनिद्रा’ हा चांगला शब्द आहे. ऑस्ट्रेलियात कापणीच्या वेळी अशा झोपलेल्या गोगलगायी धान्याबरोबर यंत्रात जातात, यंत्रे तुंबतात आणि धान्य खराब होते. येथे ‘उपद्रव’ म्हणावे. कॅलिफोर्नियात ती 1914 मध्ये ला होया येथे आढळली, तेव्हा तिला नष्ट करण्यासाठी आग ओकणारी यंत्रेही वापरावी लागली.

परंतु ‘शिरकाव’ हा शब्द प्रत्येक गोगलगायीला लावता येणार नाही. भूमध्य समुद्राकडचीच दुसरी, तपकिरी जात कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी म्हणून मुद्दाम नेण्यात आली. आपल्याकडची आफ्रिकन शंखी गोगलगाय तर विल्यम बेन्सन या शंखशास्त्रज्ञाने मॉरिशसहून आणून 1847 मध्ये कोलकात्याच्या चौरंगीतील एका बागेत सोडली. अशा ठिकाणी ‘गोगलगाय आली’ किंवा ‘शिरली’ असे न लिहिता ‘माणसाने आणली’ असेच लिहावे.