नसलेल्या मालाची वही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत गाळा मिळाला, पुण्याची नोकरी सोडून परत येतेयस आणि 'आण्णांच्या दुकानासारखं' दुकान टाकायचंय. काचेच्या बरण्या, लाकडी गल्ला, जुन्या वळणाची पाटी. ते दुकान आठवेल तसं लिहून पाठवा म्हणालीस. पाठवतो. बरण्यांची ऑर्डर मात्र दोन दिवस थांबव.

दुकान मारुती रोडला होतं. गाळा एवढासा, की दोन बायका बांगड्या बघायला बसल्या की तिसरं माणूस पायरीवर. पाटीवर 'स्टेशनरी, कटलरी व नॉव्हेल्टी'. यातला तिसरा शब्द काय ते आम्हा पोरांना कळत नसे, म्हणून जे कळत नाही ते सगळं त्यात मोडतं असं आम्ही धरून चाललो होतो. मी पाचवीच्या सुट्टीत तिथं बसायला लागलो. १९६९ साल. पगार नव्हता. संध्याकाळी एक भोवरा किंवा चार गोट्या, आणि अधूनमधून आण्णांचा धपाटा.

माल काय होता हे सांगायला बसलो तर पत्र संपायचं नाही. टाक, निबा, टीपकागद, शाईच्या बाटल्या. पोरं रिकामं पेन घेऊन यायची, तीन पैशांचं ते षटकोनी नाणं टेकवायची आणि पेन भरून न्यायची. प्रेसबटणं, हूक, नाडी, लोकरीच्या लडी, क्रोशाच्या सुया. लाल रिबीन वारावर. कुंकू, अफगाण स्नो, आरसे, कंगवे, कॅरमच्या सोंगट्या. गणपती देवळात चोर गणपती, म्हणजे चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसवतात तो, बसला की पताका आणि जिलेटिनचा कागद दाराबाहेर टांगायचा, कारण घरोघरच्या चतुर्थीला मोजकेच दिवस उरलेले असत. त्या आठवड्यात जेवायला घरी जायला मिळायचं नाही. आण्णांच्या घरून काकू डबा पाठवायच्या, त्यात मिरचीचा खर्डा असायचाच.

आण्णा बोलायचे कमी. जे शिकलो ते शिव्या खाऊन. कुणी ब्लाउजचा तुकडा घेऊन दोरा मागायला आलं की रीळ हातात घेऊन पायरी उतरायचं आणि उन्हात रंग जुळवायचा. ट्यूबखाली जुळलेला दोरा हमखास परत येतो. बांगडीचं माप 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. 'दोन-आठ' म्हणजे अडीच. हे मला ठाऊक नव्हतं, मी 'दोन-चार' ऐकून दोन-चार बांगड्या काढून दिल्या. त्यावर दुकानात झालेला हशा मला अजून ऐकू येतो.

खरेदीची किंमत प्रत्येक डब्यावर अक्षरांत लिहिलेली असे. दहा वेगवेगळी अक्षरं असलेलं एक वाक्य, प्रत्येक अक्षराला एक आकडा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आण्णा डबा नुसता फिरवून बघत आणि कुठवर खाली यायचं ते त्यांना कळे. ते वाक्य मी तुलाही सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. आणि तुला त्याचा उपयोगही नाही. १९९० नंतर पाकिटावरच सगळ्या करांसह किंमत छापून यायला लागली आणि ती कला बसली. माल आणायला आण्णा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जात. अब्दुल रहमान स्ट्रीटला दिवसभर हिंडून रात्रीच्या गाडीनं परत. जवळचं काही हवं असेल तर पुण्याची बोहरी आळी.

एक गोष्ट मात्र डोळे झाकून उचल. फळ्या. खालच्या दोन फळ्यांवर कागद कधीच नसे. तिथं काचसामान, स्टील, प्लॅस्टिक. वह्या आणि लोकर माळ्यावर. आपल्याकडं पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'बरं आहे का' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती फूट?' विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी कुठवर आलं. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ ला दुकानात छातीभर पाणी होतं, पण काच धुऊन विकली आणि वह्या कोरड्या निघाल्या. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तोवर दुकान उरलं नव्हतं. तुझ्या गाळ्याच्या मालकाला विचार, तेव्हा भिंतीवर पाणी कुठवर होतं. भिंतीला नवा रंग दिसला तर मालकाला विचारू नकोस, शेजाऱ्याला विचार. आणि विम्याच्या कागदात पूर धरलाय का ते सही करण्याआधी वाच.

आता मुख्य. गल्ल्याच्या डाव्या हाताला, दोरीला बांधलेली एक वही असायची. गिऱ्हाईकानं मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं, असं प्रत्येक नाव त्यात लिहायचं, तारखेसकट. कुणी मोत्याची सुई मागितली, लिही. कुणी जगाचा कोरा नकाशा मागितला, लिही. महिन्यात एकच नाव तिसऱ्यांदा आलं की पुढच्या फेरीला तो माल आलाच. ते दुकान असं वहीतून भरत गेलं. बरण्या होत्या त्या स्वस्त पडायच्या म्हणून. तुला त्या छान दिसतात म्हणून हव्यात. चुकीचं नाही, पण फोटो काढून लोक निघून जातात. काजाची बटणं घ्यायला आलेली बाई परत येते.

दुकान गेलं याची हळहळ मारुती रोडला आजही ऐकू येते. मीही करतो. पण खरं सांगू? शेवटच्या आठ-दहा वर्षांत मी तिथं किती वेळा गेलो? नातवाची कंपासपेटी, दप्तर, रंग, सगळं दुसऱ्या दुकानांतून आणलेलं. दुकान बंद करताना आण्णांनी हाक मारली तेव्हा मी पायरीवर जरा थबकलो, कारण हातात दुसरीकडची पिशवी होती. त्यांना दिसली असणार. काही बोलले नाहीत.

तेव्हा २०११ ची दिवाळी झाली होती. पंचवीस पैशांचं नाणं त्याच वर्षी जूनअखेर बंद झालं होतं, आणि गल्ल्याच्या कोपऱ्यात त्यांची एक पुरचुंडी तशीच होती. फळ्या निम्म्या रिकाम्या. मला म्हणाले, काय हवं ते ने. मी वही मागितली.

त्या शेवटच्या वहीत २००६ पासून पानापानावर एकच नाव आहे. 'मोबाईलचं कव्हर'. कधी दिवसातून तीनदा. आण्णांनी इमानदारीनं लिहिलंय आणि एकदाही आणलेलं नाही. का, ते मी विचारलं नाही. माझा अंदाज असा की त्यांना तो माल आपला वाटला नाही. त्याआधीच्या चाळीस वर्षांत नॉव्हेल्टी म्हणून जे आलं ते त्यांनी ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या फुलांपासून डिजिटल घड्याळापर्यंत. हीच एक गोष्ट ठेवली नाही. पुढं पुढं नोंदी विरळ होतात. शेवटचं दीड पान कोरं आहे. मागणारे यायचे थांबले की लिहिणारा थांबला, ते वहीवरून कळत नाही. तू बघ, तुला काही वाटलं तर सांग.

वही पोस्टानं पाठवणार नाही. विश्रामबागला ये, जेवून जा, घेऊन जा. पानं मऊ पडलीत, जपून उलट. आणि येताना तुझी स्वतःची एक कोरी वही घेऊन ये, कारण तुझ्या काकूला बारीक काळी प्रेसबटणं हवी आहेत, कार्डावरची. सगळं गाव पालथं घातलं, कुठं मिळाली नाहीत. पहिलं नाव तिचं लिही.

तुझा,
काका