मुंबई ते नागपूर अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

हवाई अंतर सरळ रेषेत साधारण ६८० किमी आहे. तिकिटावर दीड तास ते पावणेदोन तास दिसतात, पण विमान प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आसपासच असतं. बाकीचा वेळ धावपट्टीकडे जाण्यात आणि रांगेत जातो. पावसाळ्यात परत येताना मात्र हाताशी तासभर जास्तीचा ठेवाच. मुंबईवर गर्दी असली की विमान घिरट्या घालतं, खाली तीच खाडी दोन-तीनदा दिसते.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किमी भरतं, दुरांतो रात्री बसवून सकाळी पोहोचवते. समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, जून २०२५ पासून पूर्ण खुला. पण तो भिवंडीजवळ आमणेला सुरू होतो, मुंबईतून तिथवरचा वेळ वेगळा धरा.

घरापासून घरापर्यंत मोजलं तर विमानानेही पाच तास जातातच. तरी सोबत म्हातारे आईवडील असतील तर मी विमानच सांगेन. नागपूरचा विमानतळ वर्धा रोडवर, शहराला लागूनच आहे, त्यामुळे उतरल्यावर शहराच्या मध्यावरची सीताबर्डी गाठायला फार वेळ लागत नाही.