पायाची आग आणि सुजेची गोळी

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, १४ वर्षांपासून शुगर. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी दोन महिने झाले चालू आहे, फरक नाही. नसांची सूज उतरवणारी दुसरी जालीम गोळी आहे का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : दुसरी शोधण्याआधी ही बंद करा. शुगरने नसा खराब होतात त्यात दाहाचा (आतल्या सुजेचा) वाटा असतो, पण ही मुरगळलेल्या घोट्याची सूज नव्हे. वाढलेल्या साखरेने नसांचे तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या झिजतात. तिथं डायक्लोफेनॅक काही करत नाही, उलट किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. सोबत बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी असेल आणि वैशाखात रानात घाम गाळून पाणी कमी पडलं, तर क्रिएटिनिन (रक्तातलं किडनीच्या कामाचं माप) बघता बघता चढतं. सूज उतरवणारं स्टेरॉइडही नको, त्यानं शुगर भडकते. बिनलेबलच्या पुडीनं एका दिवसात आराम पडला, तर तिच्यात स्टेरॉइडच असल्याचा संशय घ्या.

दाह उतरवून नस पूर्ववत करणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. आग कमी करणारी आहेत : प्रीगॅबालिन रात्री ७५ मिग्रॅपासून, ड्युलोक्सेटिन ३० ने सुरू करून ६०, किंवा अमिट्रिप्टिलिन १० (प्रोस्टेट वाढलेली असेल तर हिनं लघवी तुंबते). डोस किडनीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील. गुंगी येते, तोल जातो म्हणून लोक चार दिवसांत गोळी सोडतात; खरा अंदाज तीन-चार आठवड्यांनी येतो. रात्री उठताना आधी काठावर बसा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, माळकरी घरात तर नक्कीच. ते कमी असलं तरी अशाच मुंग्या येतात.

आगीपेक्षा मला बधिरपणाची भीती जास्त वाटते. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं वडील म्हणतात का, विचारा. तसं असेल तर तुरीच्या खुटाची जखमही कळणार नाही. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी बघा, चपलेत हात फिरवून काटा आहे का चाचपा, अंघोळीचं पाणी दुसऱ्याच्या हातानं जोखा. कोजागिरीला तुळजापूरची अनवाणी वाट यंदा टाळा; नवस असेल तर मऊ, मागून पट्टा असलेली सँडल घालून जा.

आणि एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, तर त्यावर भार देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लचक समजून चोळत बसलं, की पायाची हाडं खचतात.