सामान्य लोकांना क्वांटिटेटिव्ह बायोलॉजीतला (गणित वापरून केलेल्या जीवशास्त्रातला) रिसर्च सांगताना गणित गाळावं का?

तुम्ही साथीच्या रोगांच्या मॉडेलवर, म्हणजे साथ कशी पसरते ते समीकरणांनी मांडण्यावर, पीएचडी करताय आणि विचारलंय की लोकांना सांगताना गणित काढून टाकू का. माझं स्पष्ट मत, अजिबात नका काढू. मीही याच विषयात काम करते, शाळांत, महिला मंडळांत बोलायला जाते, फळ्यावर समीकरण लिहिलं की लोक गप्प होतात हे खरंय पण आकडेमोड त्यांच्यासोबत करायला घेतली की तेच लोक पुढे सरकून बसतात.

गोवरचं घ्या. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवरचा एक पेशंट साधारण १२ ते १८ जणांना लागण करतो, आपण १५ धरू. आता त्या १५ मधल्या १४ जणांना लसीचं संरक्षण असेल तर? उरला एक. एकापासून एकालाच, म्हणजे साथ वाढत नाही. १५ पैकी १४ म्हणजे ९३ टक्के, म्हणूनच गोवरच्या लसीकरणाचं टार्गेट ९५ टक्के असतं, ८० वर भागत नाही. लोकांनी हे स्वतः काढलं की डोक्यात पक्कं बसतं.

मग मी मुंबईच्या प्लेगचा ग्राफ दाखवते. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी एडिनबरोहून जो पेपर लिहिला, ज्याच्यावर आजची निम्मी मॉडेलं उभी आहेत, त्यात डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबईतले दर आठवड्याचे प्लेगचे मृत्यू ठिपक्यांनी मांडलेत आणि सोबत समीकरणातून काढलेली रेघ. रेघ चढते, माथा गाठते, उतरते आणि ठिपके बऱ्यापैकी तिला धरून जातात. साथ ओसरायला सगळ्यांनी आजारी पडावं लागत नाही, लागण होऊ शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली गेली की ती उतरायला लागते, हे त्यांनी गणिताने दाखवलं.

पण तिथेच थांबू नका. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की प्लेग मुळात उंदरांचा, सगळ्या उंदरांना लागण व्हायची शक्यता सारखी धरली, लागणीचा आणि मृत्यूचा दर शेवटपर्यंत तोच धरला, यातलं काहीच पुरतं खरं नाही, म्हणून समीकरण फार ढोबळ आहे. हा भाग सांगायलाच हवा! कोरोनात टीव्हीवर साथ माथा कधी गाठणार याची नुसती तारीख यायची, काय गृहीत धरून काढली ते बहुतेक वेळा सांगितलंच जायचं नाही, मग तारीख हुकली की लोक म्हणायचे मॉडेल वगैरे सगळं थोतांड. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

त्यामुळे तुमच्या कामातला हाताने काढता येईल असा एकच आकडा निवडा आणि 'हे हे धरलं तर' हे त्याच वाक्यात सांगा, नंतर वेगळं नको. बाकीची समीकरणं जो विचारेल त्याला दाखवा, विचारणारे भेटतात.