पाहुण्याला सतरंजीवर बसव

बेटा,

तुझं पत्र परवा मिळालं. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, आणि त्यांच्यासोबत बाहेरचे दोघं-तिघं तुझा वर्ग बघायला येणार आहेत. म्हणून रोज दुपारी तू स्वागतगीत बसवून घेतेस आणि मला विचारतेस, ‘कोणता उपक्रम दाखवू?’ स्वागतगीत आजच बंद कर. उपक्रमाचं पुढे सांगते, आधी माझी एक चूक ऐक.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी तिसरीला शिकवत होते. तपासणी येणार म्हणून पोरांकडून वीस प्रश्नोत्तरं क्रमानं पाठ करून घेतली. एका मुलाला तोवर वाचता येत नव्हतं. त्याला आदल्या दिवशी हळूच सांगितलं, ‘उद्या नाही आलास तरी चालेल.’ तपासणी छान झाली, शेरेबुकात चांगला शेरा मिळाला. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, आते बठू का वर्गमा?’ त्याला आत घेताना मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्यानं तक्रार केली नाही, घरीही काही सांगितलं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. तेव्हा पाहुणे येतील त्या दिवशी तुझा पट पूर्ण भरलेला हवा. जो मागे आहे त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी स्वतः जा आणि उद्या नक्की ये म्हणून सांग.

उपक्रम वेगळा शोधू नकोस. एरवी रोज जे चालतं तेच चालू ठेव. पहिलीची पोरं काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधत असतील, तिसरीची गोष्ट वाचत असतील, तर पाहुण्यांची खुर्ची फळ्याजवळ मांडू नकोस. त्यांना पोरांच्या गटात सतरंजीवर बसव आणि गटानं त्यांना काम द्यावं. ‘साहेब, माझे गठ्ठे मोजा, मी सत्तेचाळीस म्हणतो.’ सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत वाचता यावं आणि साधी गणितं यावीत असंच तर म्हटलं आहे. शेजारी बसून मुलीनं एक पान वाचून दाखवलं की साहेबांना जे बघायचं ते दिसतं, आणि ती कुठे अडते हेही दिसतं. अडू दे. अडलेल्या शब्दावर तू तिला कशी मदत करतेस तेही त्यांना बघू दे.

पण साहेब वर्षातून दोन-तीनदा येणार. माझा जीव खरा त्या पाहुण्यांत आहे ज्यांना कोणी पाहुणा म्हणत नाही. तू सातपुड्याच्या पायथ्याशी आहेस, चोपड्याच्याही पुढे, पाड्यावर. तिथे रोज एक पाहुणी तुझ्या शाळेत येते आणि कोणी तिला वर्गात बोलावत नाही: खिचडी शिजवणारी मावशी. पहिली तिला बोलाव. प्राथमिकच्या मुलाला रोजचा तांदूळ १०० ग्रॅम धरतात. आज २७ पोरं हजर असतील तर मावशी किती तांदूळ काढते? ती माप कसं घेते, काटा वापरते की डब्यानं घेते? पोरांनी विचारावं, फळ्यावर मांडावं, मग तिच्यासमोर वजन करावं. २ किलो ७०० ग्रॅम, म्हणजेच २.७ किलो. दशांश चिन्ह शिकवायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

दुसरा पाहुणा केळी कापणारा बाप. पाड्यावरचे किती तरी जण खाली मैदानात केळीच्या बागांत मजुरीला जातात. माझ्या वर्गात एकाला बोलावलं होतं. तो एक घड खांद्यावर घेऊन आला, कोयता मात्र मी बाहेरच ठेवायला सांगितला. घडाला नऊ फण्या होत्या. वरच्या फणीत १८ केळी मोजली, तर चौथीतल्या एकीनं लगेच नऊ गुणिले अठरा करून १६२ लिहून टाकलं. तो म्हणाला, ‘सगळी मोजा.’ पोरांनी फणी-फणी मोजली: १८, १७, १६, १६, १५, १४, १४, १३, ११. बेरीज १३४. मुलगी हिरमुसली नाही, चिडली. ‘सगळ्या फण्या सारख्या का नाहीत?’ मग त्यानं सांगितलं, वरच्या फण्या भरतात, खाली लहान होत जातात. म्हणून केळफूल आणि अगदी शेवटची बारकी फणी काढून टाकतात, म्हणजे वरच्या चांगल्या भरतात. गुणाकार कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे मी दोन वर्षं सांगत होते. त्या दिवशी ते त्यांचं झालं.

पुढे त्यानं घड हातात तोलला आणि म्हणाला, बावीस किलो. शाळेच्या वजनकाट्यावर २१ किलो ५०० ग्रॅम भरला. वर्गात अशी शांतता मी क्वचित ऐकली आहे. त्याचा मुलगा वर्गातच होता. पहिला हात त्यानंच वर केला आणि विचारलं, ‘बाबा, तुमच्या शर्टावर काळे डाग कसले?’ केळीचा चीक, धुतला तरी जात नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी पान-पान भरून लिहिलं आणि बहुतेकांच्या लिहिण्यात तो डाग होता.

तिसरी पाहुणी एखादी आजी. तुझ्या पोरांची घरची बोली पावरी, तुला ती अजून येत नाही. आजीनं पावरीतच गोष्ट सांगावी आणि पोरांनी तुला मराठीत समजावून द्यावी. ज्या मुलीचं तोंड मराठीत उघडत नाही म्हणतेस, ती त्या दिवशी तुझी दुभाषी होईल. एरवी वर्गात सगळं माहीत असलेली तू एकटी असतेस. तेवढा वेळ तू ऐकणारी हो.

मुख्याध्यापक म्हणतील, अडाणी माणसं काय शिकवणार? त्यांच्याशी वाद घालू नकोस. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी लिहून घेतल्या, आणि २०१८ पासून जळगावचं विद्यापीठ त्यांचं नाव लावतं. एवढं सांग आणि आपल्या कामाला लाग. पाहुणे मिळवायला शाळा व्यवस्थापन समिती आहेच. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. बैठकीत सह्या झाल्या की लगेच उठू देऊ नकोस. प्रत्येकीला विचार, तुम्हाला काय करता येतं?

काही गोष्टी मात्र कडक पाळ. पाहुण्याला पोरांसोबत एकटं सोडायचं नाही. वीस मिनिटांवर बोलू द्यायचं नाही, आणि भाषण तर नाहीच. पोरांचे प्रश्न आदल्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलेले असावेत, चुकीचे असले तरी त्यांचेच. कोणी वह्या-बिस्किटं घेऊन आलं तर घे, मुख्याध्यापकांकडे ठेव आणि नंतर वाट. वही हातात धरून रांगेत उभ्या पोरांचा फोटो काढायला मागितला तर नाही म्हण. नव्या नोकरीत ते जड जातं, मला माहीत आहे. तरी म्हण.

एक पाहुणी माझ्याकडून धर. केंद्रप्रमुखांची भेट झाली की त्याच्या पुढच्या आठवड्यात मी येते. पोरांना सांग, एक म्हातारी बाई येणार आहे, तिला काय विचारायचं आणि तिच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं ते ठरवून ठेवा. सकाळची एसटी तुमच्या फाट्यावर किती वाजता पोहोचते तेवढं कळव. तिथून पाड्यापर्यंत मी चालत येईन.

तुझी,
बाई